अंतरपाटाचा फोटो

१९९३ च्या दिवाळीत मस्कतहून सुट्टीवर आलेल्या मामाने आमच्या डोंबिवलीच्या घरी एक ऑटोफोकस कॅमेरा आणला. त्याआधीची दोन वर्षं बाबांनी एकही फोटो काढलेला नव्हता. येत्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं.

बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. फोटो काढणं हा त्यांचा व्यवसाय नव्हता. त्यांच्याकडे हाताने फोकस करायचा एक जड एसएलआर कॅमेरा होता, नोकरीच्या सुरुवातीला सेकंडहँड घेतलेला. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध छोटं वर्तुळ होतं. फोकस चुकलेला असला की वर्तुळातल्या चेहऱ्याचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसत. लेन्सची रिंग फिरवून ते जुळवले की फोटो शार्प यायचा. बाबा ही रिंग इतक्या थोडक्यात फिरवत की समोरच्याला ती फिरल्याचं कळत नसे.

आमच्या इमारतीत त्यावरून एक पद्धत पडली होती. कोणाच्याही घरी लग्न ठरलं की फोटोंसाठी स्टुडिओवाला सांगितला जाई, पण अंतरपाट दूर होतानाचा एक फोटो बाबा काढत. याचं कारण जुनं होतं. तळमजल्यावरच्या एका लग्नात नेमक्या त्या वेळी स्टुडिओवाला रोल बदलत होता आणि त्या कुटुंबाकडे तो फोटोच आला नाही. पुढच्या लग्नापासून हे काम बाबांकडे आलं. अंतरपाट गुरुजी उत्तरेकडे ओढून घेतात, म्हणून बाबा दक्षिणेच्या बाजूला उभे राहत. कापड कॅमेऱ्यापासून लांब जायचं आणि दोन्ही चेहरे एकाच वेळी उघडे व्हायचे. हे त्यांनी कोणाला शिकवलं नाही, पण विचारलं तर सांगत. मुलीच्या आईसाठी या फोटोचं महत्त्व वेगळं होतं. आमच्याकडे लग्न लागताना मुलीची आई मांडवात थांबत नाही. मंगलाष्टका चालू असताना ती आतल्या खोलीत तुळशीला पाणी घालत बसते. आपल्या मुलीचं लग्न लागलेलं ती फोटोतच पाहते.

१९९१ मध्ये बाबांनी एका मुंजीचा रोल धुऊन आणला आणि सगळे फोटो अंधुक निघाले. लॅबची चूक असावी, असं घरात ठरलं. पुढच्या रोलचंही तसंच झालं. नंतर ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला आहे. कडेचं दिसत राहील, समोरचं दिसणार नाही. बाबांना रस्ता दिसे, दारं दिसत, माणसांचे आकार दिसत. माणूस कोण आहे, हे तो बोलला की कळे. व्ह्यूफाइंडरमधलं ते वर्तुळ त्यांच्या डोळ्यातल्या डागात नाहीसं झालं. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. कॅमेरा ओल लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर कपाटात गेला.

मामाचा कॅमेरा त्या मानाने हलका होता. बाबांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला.

"प्लॅस्टिक आहे रे हे. पोरांच्या खेळण्यासारखं."

"भाऊजी, खेळणंच आहे," मामा म्हणाला. "यात तुम्ही बघायचं कामच नाही. बटण अर्धं दाबा, तो स्वतः बघतो. जुळलं की वाजतो. वाजला की पूर्ण दाबा."

"बघायचं काम नाही म्हणे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मग फोटो काढायचा तरी कशाला?"

बाबांनी खिडकीकडे तोंड करून कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण अर्धं दाबलं. लेन्स आपोआप फिरली, थांबली आणि आतून बारीक आवाज आला. त्यांनी कॅमेरा बहिणीकडे वळवला. पुन्हा लेन्स फिरली, पुन्हा आवाज आला. मग आईकडे, मग दाराकडे, मग पुन्हा बहिणीकडे.

"बाबा, माझ्या लग्नात तो फोटो तुम्हीच काढायचा," बहीण म्हणाली.

"आवाज ऐकून फोटो काढू?"

"काय झालं? मला तरी तुम्ही आवाजावरूनच ओळखता."

मामा परत जाताना कॅमेरा इथेच ठेवून गेला.

पुढच्या आठवड्यात बहिणीने आपली अट सांगितली. बाकीचे फोटो स्टुडिओवाला काढेल. अंतरपाटाच्या वेळी त्याने कॅमेरा खाली ठेवायचा. बाबांचा फोटो आला तर तो अल्बममध्ये लागेल, नाही आला तर अल्बममध्ये तो फोटो नसेल.

"वेडी आहेस का?" आई म्हणाली. "लग्न काय दोनदा लागतं?"

"इमारतीत सगळ्यांच्या अल्बममध्ये तो फोटो बाबांचा आहे. माझ्याच का नाही?"

"तेव्हा त्यांना दिसत होतं."

"आई, ते घरातच आहेत. ऐकतायत."

"ऐकू देत. मला तो फोटो हवाय. मी तुळशीपाशी बसणार आहे, मला दुसरं काही दिसणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला रोल आणायला सांगितलं.

नव्या कॅमेऱ्याची सवय व्हायला वेळ गेला. रोल ठेवून झाकण लावलं की फिल्म मोटरने आपोआप ओढली जायची. बाबांना ते मान्य नव्हतं. ते पुन्हा झाकण उघडून खात्री करू बघत आणि आम्ही त्यांचा हात धरत असू. प्रत्येक फोटोनंतर त्यांचा अंगठा फिल्म पुढे सरकवायची पट्टी शोधायचा. ती पट्टी या कॅमेऱ्याला नव्हती. रोल संपला की कॅमेरा कोणाला न विचारता घरघर करत फिल्म परत गुंडाळायला लागे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बाबांनी कॅमेरा टेबलावर ठेवून दिला आणि थोडे मागे सरकले. त्याची बॅटरी डोंबिवलीत मिळत नव्हती. मी तेव्हा मुंबईत एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. ऑफिसातून निघून फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानातून ती आणणं हे माझं काम झालं.

पहिल्या रोलसाठी आई आणि बहीण बैठकीच्या खोलीत शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. प्रिंट आल्या तेव्हा दोघी अंधुक होत्या. त्यांच्या मागचं लोखंडी कपाट अतिशय स्पष्ट होतं. त्याच्या हँडलवरचा ओरखडासुद्धा दिसत होता.

"वा," आई म्हणाली. "कपाटाचं लग्न आहे का?"

मी त्या प्रिंट ऑफिसात आमच्या फोटोग्राफरला दाखवल्या. त्याने बघताक्षणी चूक सांगितली. कॅमेरा फक्त मधोमध बघतो. दोन माणसं शेजारी उभी केली की मधोमध माणूस नसतो, फट असते. कॅमेऱ्याने फटीतून कपाट पाहिलं होतं.

"एकावर धर, बटण अर्धं दाब, वाजू दे," तो म्हणाला. "मग बोट न उचलता कॅमेरा हवा तिकडे वळव. फोकस जागचा हलत नाही."

मी त्याला लग्नाचं सांगितलं. तो म्हणाला, "मग एवढी मेहनत कशाला? अंतर मोजून लेन्स हातानेच लावून ठेवायला सांग. विषय संपला."

हे मी घरी सांगितलं. बाबांना ते पटलं नाही. "लग्नात कोण जागेवर उभं राहतं? गुरुजी दोन पावलं मागे सरकवतात, मामा पुढे ढकलतो. मोजलेलं अंतर राहतं का?"

सराव सुरू झाला. दुपारी जेवणं झाली की बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लागत. बहीण एका बाजूला उभी राही, आई नवऱ्याच्या जागी. शेजारच्या काकू आणि मी दोन टोकांनी चादर धरायचो. खिडकी उत्तर म्हणून ठरली होती, कारण आमच्या घराची उत्तर तिकडेच होती. काकूंना मंगलाष्टका पाठ होत्या, त्या शेवटचं कडवं म्हणायच्या. बाबा आधी कॅमेरा बहिणीवर धरत, बटण अर्धं दाबत, आवाज आला की बोट तसंच ठेवून दोघी कडेला येतील असा कॅमेरा वळवत. फ्रेमच्या कडा त्यांना दिसत होत्या. बहीण उजव्या कडेत आली का, आई डाव्या कडेत आली का, हे त्यांना कळे. मधलं काम कॅमेऱ्याचं होतं. "सावधान" ऐकलं की काकू आणि मी चादर खिडकीकडे ओढायचो आणि बाबा बटण पूर्ण दाबायचे.

"आई, तू नवरदेवासारखी उभी राहा ना," बहीण म्हणायची.

"कशी?"

"घाबरून."

"तुझ्या बाबांसारखी, म्हण."

आई सरावाला उभी राहिली, पण तिचं मत बदललं नव्हतं. घरात बाबा नसताना तिने मला सांगितलं, "तू स्टुडिओवाल्याशी बोल." मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

पुढचे रोल चांगले आले. एका प्रिंटमध्ये बहिणीच्या नाकातली चमकी स्पष्ट दिसत होती. बाबांनी ती प्रिंट डोळ्याच्या कडेने पाहायचा प्रयत्न केला, मग बहिणीच्या हातात दिली. "तू बघ आणि सांग." तिने सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं.

होणारे जावई कोलशेतचे होते, ठाण्यात बहिणीच्याच ऑफिसात कामाला. त्यांचं घर गावातलं, जुनं. पूर्वी शेती आणि मिठागरं होती, आता जमिनींचे व्यवहार चालत. त्यांच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. आमच्याकडे मुलीच्या बापाने नवऱ्याच्या हळदीला जायची पद्धत नव्हती. जावयांनी फोन करून आग्रह धरला. "बाबा, या ना. कॅमेरा घेऊन या." बाबा गेले. मी बरोबर होतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, कोलशेतच्या घरासमोरच्या मांडवात बेंजो आणि ढोल वाजत होते. आवाज छातीत जाणवत होता. जावई पाटावर बसलेले, चेहऱ्यापासून पायापर्यंत पिवळे. बाबांनी कॅमेरा लावला आणि बटण अर्धं दाबलं. मांडवात उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याने फोकस शोधायला आपला लाल दिवा लावला. लाल डाग जावयांच्या कपाळावर पडला. लेन्स मागेपुढे फिरत राहिली. पिवळ्या चेहऱ्यावर तिला धरायला काही मिळत नव्हतं. शेवटी फोकस जुळलाही असेल, पण तो वाजल्याचं कोणाला ऐकू आलं नाही. बाबांनी बोट उचललं, पुन्हा दाबलं. लाल दिवा पुन्हा लागला. तिसऱ्यांदा त्यांनी बटण पूर्ण दाबलं. तोवर जावयांनी मान वळवली होती. शटर उडालं नाही. फोकस जुळल्याशिवाय तो कॅमेरा फोटो काढत नसे.

"बॅटरी गेली का रे?" बाबांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं.

बॅटरी नवी होती.

जावयांची मोठी काकू शेजारी हळदीची वाटी घेऊन उभी होती. ती बराच वेळ बघत होती. "व्याही," ती ओरडून म्हणाली, "यो कॅमेरा हाय का सिग्नल? लाल बत्ती पेटते, गाडी काय सुटत नाय!"

मांडव हसला. बाबाही हसले. त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि काकूने पुढे केलेल्या वाटीतली हळद जावयांच्या गालाला लावली.

सराव घरात झाला होता, दुपारी, शांततेत. शेवटचं कडवं म्हणणाऱ्या शेजारच्या काकूंचा आवाज लहान होता. लग्नाच्या हॉलमध्ये मंगलाष्टका लाउडस्पीकरवर असतात, बाहेर बँड उभा असतो. हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

परत येताना बाबा म्हणाले, "स्टुडिओवाल्याला मीच सांगतो उद्या. तो काढेल."

घरी बहिणीला कळलं. तिच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी होती.

"मग तो फोटो नको," ती म्हणाली.

"असं करू नये, बाळा. आईला हवाय तो."

"आणि मला?"

आईने उठून मेंदी सुकायला पंखा लावला.

लग्नाच्या दिवशी सकाळी घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. स्वयंपाकघरात आई उपम्याबरोबरची चटणी मिक्सरमध्ये फिरवत होती. तो मिक्सर जुना होता आणि चालू असला की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नसे. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर चहा घेत होते. बहिणीने पिशवीतून मामाचा कॅमेरा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. ती काहीतरी म्हणाली, ते कोणाला ऐकू आलं नाही. ती समोर जाऊन उभी राहिली.

बाबांनी कॅमेरा उचलला. उजवा हात बटणावर, डावा तळवा लेन्सच्या खाली. बटण अर्धं दाबलं. मिक्सर चालू होता. त्यांनी बोट उचललं, कॅमेरा खिडकीकडे नेला, अर्धं दाबलं, पुन्हा बहिणीकडे आणला, अर्धं दाबलं. मग थांबले.

मिक्सर बंद झाला.

"अगं, बंद करू नकोस," बाबा म्हणाले.

"चटणी झाली."

"रिकामा फिरव."

"मोटर जळेल!"

"जळू दे. चालू कर."

आईने मिक्सर चालू केला. बाबांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि माझा तळवा आपल्या तळव्याच्या जागी, लेन्सखाली ठेवला. बटण अर्धं दाबलं. लेन्समधली छोटी मोटर तळव्याला गुरगुरल्यासारखी लागली, मग एक बारीक झटका आला आणि सगळं शांत झालं. त्यांनी कॅमेरा भिंतीच्या कोऱ्या भागाकडे वळवला. तिथे गुरगुर थांबेना, मागेपुढे होत राहिली. पुन्हा बहिणीकडे. गुरगुर, झटका, शांत.

"आता," बाबा म्हणाले आणि बटण पूर्ण दाबलं. शटर उडालं.

पुन्हा केलं. "आता." शटर उडालं. तिसऱ्यांदा ते "आता" म्हणालेच नाहीत, कारण मधून एक पाहुणा उपम्याची थाळी घेऊन गेला आणि लेन्स त्याच्यावरच जुळून त्यांना झटका लवकर लागला. त्यांनी बोट उचललं आणि नव्याने सुरुवात केली. ते असं करत राहिले, इतकं की रोल संपला आणि कॅमेरा मिक्सरच्या आवाजात मुकाट फिल्म गुंडाळू लागला.

"फुकट गेला रोल," आई म्हणाली. तिने मिक्सरवर हात ठेवून तो किती तापलाय ते पाहिलं. मग फ्रिजच्या दारात ठेवलेला नवा रोल काढून बाबांच्या हातात दिला.

हॉल ठाण्यात होता. मुहूर्त दुपारचा. कोलशेतची मंडळी मोठ्या संख्येने आली होती आणि अक्षता वाटून झाल्यावर सगळी स्टेजच्या कडेला येऊन उभी राहिली. बाबा दक्षिणेच्या बाजूला होते, मी त्यांच्या मागे. गुरुजींनी अंतरपाट धरला. आई आत निघून गेली. स्टुडिओवाला समोरच्या अंगाला होता. सनई, लाउडस्पीकरवरच्या मंगलाष्टका, मधूनच मुलांचं रडणं. बाहेर बँडवाले वाद्यं घेऊन तयार होते.

बाबांनी पहिल्या मंगलाष्टकेलाच कॅमेरा बहिणीवर धरून पाहिला. मला त्यांच्या तोंडाकडे बघून काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी जमतंय अशी मान हलवली. गुरुजींनी बहिणीला थोडं मागे सरकवलं. बाबांनी बोट उचललं, पुन्हा धरलं. शेवटच्या कडव्याच्या आधी कोलशेतच्या बाजूचे काही तरुण पुढे सरकले आणि बाबांच्या समोर एक पाठ आली. जावयांची मोठी काकू पलीकडे होती. तिने दोन्ही हात आडवे केले.

"मागं व्हा रं! मागं! व्याह्यांची गाडी सुटायचीय!"

पाठ बाजूला झाली. बाबांनी कॅमेरा बहिणीवर धरला. डावा तळवा लेन्सखाली होता. बहिणीने मान खाली घातली होती, तशीच ठेवली, हलली नाही. बाबांनी बटणावरचं बोट न उचलता कॅमेरा थोडा डावीकडे वळवला. "सावधान" आलं. अंतरपाट उत्तरेकडे गेला, अक्षता उडाल्या, बँड सुरू झाला. शटर एकदाच उडालं. फिल्म पुढे सरकली.

बाबांनी कॅमेरा खाली घेतला आणि माझ्याकडे दिला. मग ते आत, आई जिथे बसली होती तिकडे गेले.

रोल डोंबिवलीतल्या लॅबमध्ये दिला. त्यावर त्या दिवसाचे बाबांचे आणखी थोडे फोटो होते, जेवणाच्या पंगतीचे, जावयांच्या घरच्यांचे. काही चांगले होते, काही अंधुक. प्रिंट मी घरी आणल्या तेव्हा बाबा आणि आई दोघंच होती. मी पाकीट आईकडे दिलं. तिने एकेक प्रिंट मागे टाकत तो फोटो काढला आणि खिडकीशी नेला.

"शार्प आहे का?" बाबांनी विचारलं.

"थांबा."

"कपाट तर नाही ना आलं?"

"पापण्या दिसतायत."

"कोणाच्या?"

"तिच्या. जावयांच्या जरा कमी."

"तिच्यावरच धरलं होतं. कुठे बघतेय?"

"त्यांच्याकडे. मान अजून वर नाही केली पूर्ण. डोळेच वर केलेत." आईने प्रिंट थोडी तिरकी केली. "समोर एक तांदूळ आलाय मोठा, पांढरा. तिच्या खांद्यापाशी."

"अक्षता आहे ती. जवळून गेली असेल. हसतेय का?"

"नाही." आई थोडा वेळ बघत राहिली. "हो. हसतेय."

"आणि ते?"

"ते घाबरलेत."

बाबांनी प्रिंट मागितली. आईने ती दिली नाही. ती आणखी एकदा खिडकीशी गेली आणि मुंडावळ्या कशा आहेत, शालूची किनार कशी दिसते, मागे कोण उभं आहे, हे सांगत राहिली. बाबा मधून मधून विचारत होते. चहा राहून गेला.

त्या प्रिंटची मोठी प्रत करून घेतली आणि बहिणीला दिली. तिने ती नेलेल्या दिवशीच कोलशेतच्या घरी बैठकीच्या खोलीत लावली. मोठ्या काकूने ती बघून बाबांना निरोप पाठवला की पुढच्या वर्षी पुतणीच्या लग्नाला यायचंय, आणि कॅमेऱ्याशिवाय यायचं नाही.

स्टुडिओवाल्याचा अल्बम उन्हाळ्यात आला. बहीण त्या दिवशी माहेरी होती. पानं उलटताना ती एका फोटोपाशी थांबली. तो अंतरपाटाच्या वेळचा होता, उत्तरेच्या बाजूने काढलेला.

"हा कोणी काढला?"

"त्यानेच," आई म्हणाली.

"मी नको सांगितलं होतं त्याला."

"मी हो सांगितलं होतं."

"आई!"

"काय आई? मी तुळशीपाशी होते."

बहिणीने अल्बम मिटायला घेतला आणि पुन्हा उघडला. त्या फोटोत अंतरपाटाचं एक टोक कोपऱ्यात आलं आहे. बहीण आणि जावई बाजूने दिसतात, अर्धे अक्षतांनी झाकलेले. दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेतून पलीकडे बाबा दिसतात, आणि फोकस त्यांच्यावर आहे. त्यांचा चेहरा कॅमेऱ्यामागे आहे. उजव्या हाताचं बोट बटणावर आहे. डावा तळवा लेन्सखाली सपाट धरलेला आहे.